शरीर स्वीकारत नाही म्हणजे काय?

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



संयोजन समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एकच अट घातली आहे: सॉफ्टवेअरबद्दल बोलायचं नाही. अट योग्य आहे. आपल्यातले निम्मे त्याच धंद्यात आहेत आणि उरलेल्यांना घरातलं कुणीतरी रोज तेच ऐकवत असतं. मग मी विषय कळवला: बाईच्या शरीरातली हार्मोन्स आणि तिची प्रतिकारशक्ती मिळून मूल राहण्याचं आणि टिकण्याचं काम कसं करतात. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय पडल्यावर अर्धा दिवस शांतता होती. संध्याकाळी एकाने अंगठा दिला, तोही बहुधा चुकून.

मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. आपल्या बॅचची स्त्रीरोगतज्ज्ञ दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिने हे भाषण दोनदा वाचलंय आणि त्यातला एक परिच्छेद मला काढायला लावलाय. मी काही चुकीचं बोलले तर तिने हात वर करायचा, असं आमचं ठरलं आहे.

आता हा विषय का, ते आधी सांगते. २०१० ते २०१२ या काळात मला तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात सगळं संपलं. तिसऱ्या वेळेनंतर आम्ही एका मोठ्या शहरातल्या, बरंच नाव असलेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "तुमचं शरीर गर्भ स्वीकारत नाही. तुमच्या इम्युनिटीला नवऱ्याच्या पेशी परक्या वाटतात." मग एक छापील कागद पुढे केला. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून त्या मला इंजेक्शनने द्यायच्या, असं ते पॅकेज होतं. खर्च आमच्या दोघांच्या मिळून दीड महिन्याच्या पगाराएवढा.

पैशाचं एक वेळ सोडा. ते वाक्य घरी गेलं. तिथून ते नात्यात गेलं आणि प्रत्येक घरी थोडं बदलत गेलं. वर्षभराने एका लग्नात माझ्या कानावर आलं तेव्हा त्याचं रूप असं होतं: "हिचं शरीरच बाळाला मारतं म्हणे." त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून झाला होता, तेव्हा ग्रहांची बाजू सांभाळलेली होती. आता दोष थेट माझ्या अंगात आला.

ग्रुपवर विषय टाकल्यापासून आपल्यातल्या पाच जणींनी मला वेगवेगळे फोन केले. नावं अर्थातच सांगणार नाही. त्यातल्या तिघींना हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, कुणी ना कुणी ऐकवलेलं आहे. म्हणून आज मी फक्त हे एक वाक्य घेऊन उभी आहे.

आपल्याला दहावीला एक प्रश्न हमखास असायचा: "स्त्री प्रजनन संस्थेची सुबक व नामनिर्देशित आकृती काढा." त्या आकृतीत गर्भाशय होतं, बीजकोश होते, नलिका होत्या. प्रतिकारशक्ती तिथे नव्हती, तिचा धडा वेगळा. संप्रेरकांचा धडा आणखी वेगळा. बाई, यात तुमची काही चूक नाही, पुस्तकच तसं होतं. पण हे तिन्ही धडे शरीरात एकाच जागी, एकाच वेळी चालू असतात, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

"शरीर गर्भ स्वीकारत नाही" ही कल्पना आली कुठून? तिचा उगम फार चांगल्या ठिकाणी आहे. पीटर मेदावर नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांवर त्वचारोपणाचं काम करत होते. दुसऱ्याची कातडी लावली की ती काही दिवसांत गळून पडते, आणि हे काम प्रतिकारशक्ती करते, हे त्यांनी दाखवून दिलं. याच कामाच्या पुढच्या टप्प्यासाठी त्यांना १९६० साली नोबेल मिळालं. १९५३ मध्ये त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. गर्भातली निम्मी जनुकं बापाची, म्हणजे आईच्या दृष्टीने अर्धा परका. मग दुसऱ्याची कातडी पंधरा दिवस न टिकू देणारं शरीर या अर्ध्या परक्याला नऊ महिने कसं सांभाळतं? त्यांनी तीन शक्यता मांडल्या: आई आणि गर्भ यांच्यात भिंत असेल, गर्भ इतका कोवळा असेल की तो ओळखूच येत नसेल, किंवा गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती थंडावत असेल.

प्रश्न अप्रतिम होता. पण त्याची एक छुपी बाजू अशी की त्याने प्रतिकारशक्तीला पहारेकरी ठरवून टाकलं, आणि गर्भाला चोरून आत शिरलेला पाहुणा. पुढची सत्तर वर्षं तपासणी होत गेली आणि त्या तीन शक्यतांपैकी एकही मांडली तशी खरी ठरली नाही. भिंत पक्की नसते. उलट वारेतून गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात येतात आणि काही तर पिढीभर राहतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या एका बाईच्या रक्तात पुरुषी गुणसूत्र असलेल्या पेशी सापडल्या. मुलगा घर सोडून गेला तरी पेशी सोडून गेल्या नाहीत.

मग खरं काय होतं? एका महिन्याचं चक्र घेऊ.

पाळीच्या मध्यावर बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडतं. आकृतीत आपण ते अलगद बाहेर काढलेलं दाखवायचो. प्रत्यक्षात ही फोड फुटण्यासारखी गोष्ट आहे. मेंदूकडून एलएच या हार्मोनची लाट येते आणि तिच्यामुळे त्या जागी रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, भिंत विरघळते. बोटाला जखम झाल्यावर जे होतं तेच. लॉरेन्स एस्पी यांनी १९८० मध्येच मांडलं की स्त्रीबीज सुटणं हीच एक प्रकारची दाहाची क्रिया आहे. म्हणूनच दुखण्याच्या काही गोळ्या ऐन त्या दिवसांत सतत घेतल्या तर बीज सुटणं लांबू शकतं. मूल हवंय आणि सांधेदुखीच्या गोळ्या रोज चालू आहेत, अशांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. तेव्हा पहिला मुद्दा: प्रतिकारशक्तीशिवाय बीजच बाहेर पडत नाही. पहारेकरी इथेच कामाला लागलेला आहे.

बीज सुटून गेल्यावर जी रिकामी पिशवी उरते तिचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो. या हार्मोनचं काम आपल्याला "अस्तर जाड करणं" एवढंच शिकवलं होतं. ते त्याहून पुष्कळ मोठं आहे. प्रोजेस्टेरॉन आलं की गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी आपलं रूपच बदलतात आणि त्या एक निरोप पाठवू लागतात, इंटरल्युकिन-१५ नावाचा. या निरोपावर गर्भाशयात एका खास जातीच्या पांढऱ्या पेशी वाढतात. त्यांचं नाव ऐकून कुणीही घाबरेल: नॅचरल किलर. नैसर्गिक मारेकरी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात जितक्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या सुमारे ७० टक्के या.

गंमत बघा. या पेशींना प्रोजेस्टेरॉन थेट वाचताच येत नाही, त्यांच्याकडे त्याचा नेहमीचा ग्राहकच नसतो. अस्तराच्या पेशी हार्मोनचा हुकूम वाचतात आणि यांच्या भाषेत उलगडून सांगतात. आमच्या धंद्यात दोन वेगळ्या भाषांतल्या यंत्रणा बोलायला लागल्या की मध्ये एक दुभाषी थर बसवावा लागतो, अगदी तसं. समितीची अट मोडली, माफ करा, पण याहून चांगली उपमा मला सुचली नाही.

मग हे मारेकरी तिथे करतात काय? गर्भाला मारत नाहीत. रक्तातल्या किलर पेशी आणि गर्भाशयातल्या किलर पेशी यांचं नाव एक असलं तरी स्वभाव वेगळा. गर्भाशयातल्या पेशींचं मुख्य काम आहे रक्तवाहिन्यांचं. गर्भाशयाच्या भिंतीत नागमोडी, अरुंद, स्नायूंनी आवळलेल्या धमन्या असतात. वारेला नऊ महिने रक्त पुरवायचं तर त्या सैल आणि रुंद व्हायला हव्यात, पाटाचा कालवा व्हावा तशा. हे काम वारेच्या पेशी आणि आईच्या किलर पेशी एकमेकींशी बोलून करतात. वारेच्या ज्या पेशी भिंतीत शिरतात त्या आपली ओळख लपवत नाहीत. त्या ठरावीक ओळखपत्रं दाखवतात, एचएलए-सी आणि एचएलए-जी अशी त्यांची नावं, आणि किलर पेशी ती हाताने चाचपून बघतात. त्यातलं सी हे ओळखपत्र बापाकडूनही आलेलं असतं. म्हणजे बापाची ओळख लपवून काम चालत नाही, ती पटवून चालतं.

केंब्रिजच्या ॲशली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. आईच्या किलर पेशींवरचे ग्राहक आणि गर्भाचं ओळखपत्र यांच्या काही जोड्या अशा असतात की किलर पेशी जास्तच दबून जातात. अशा बायकांमध्ये प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांवर बेतण्याचा, धोका जास्त आढळला. नीट ऐका. दबलेल्या प्रतिकारशक्तीने धोका वाढला. पहारेकरी झोपला म्हणून घरचं काम अडलं. मला ज्या डॉक्टरांनी सांगितलं की तुमची इम्युनिटी जास्त काम करते आणि ती दाबू या, त्यांचं गणित इथे उलटं पडतं.

याच्या जोडीला आणखी एक पेशी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं ते मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, नियामक टी पेशींच्या शोधासाठी. या पेशी बाकीच्या टी पेशींना आवरतात. उंदरांवरच्या प्रयोगात २००४ मध्ये दिसलं की या पेशी काढून टाकल्या तर परक्या बापाचा गर्भ टिकत नाही. आणि त्यांची संख्या वाढवण्यात इस्ट्रोजेनचा हात असतो. म्हणजे इथेही हुकूम हार्मोनचा आणि अंमलबजावणी प्रतिकारशक्तीची.

गर्भ रुजल्यावर तो स्वतः एक हार्मोन तयार करतो, एचसीजी. गरोदरपणाच्या घरगुती तपासणीत पट्टीवर दुसरी रेघ येते ती याचीच. हे हार्मोन आईच्या पीतपिंडाला सांगतं की थांब, विरघळू नकोस, प्रोजेस्टेरॉन चालू ठेव. हा निरोप आला नाही तर दोन आठवड्यांत पीतपिंड थकतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं, अस्तरात दाहाच्या पेशींची झुंबड उडते आणि पाळी येते. अर्पाद चापो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की सातव्या आठवड्याच्या आधी पीतपिंड काढला तर गर्भ पडतो, आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकतो. नवव्या आठवड्याच्या सुमारास वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते आणि पीतपिंडाची गरज संपते.

प्रतिकारशक्तीने गर्भ खरोखर थांबवायचाच ठरवला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेचे डॉ. जी. पी. तलवार यांनी एचसीजीविरुद्ध लस तयार केली, कुटुंबनियोजनासाठी. एचसीजीचा तुकडा धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या लशीतल्या विषाक्ताला जोडायचा, म्हणजे शरीर त्याला परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निकाल असे: प्रतिपिंडांची पातळी पुरेशी असताना १२२४ मासिक चक्रांमध्ये फक्त एक गर्भधारणा. पातळी उतरल्यावर पुन्हा दिवस राहू शकत होते. पाळ्या नियमित चालू होत्या. म्हणजे एका हार्मोनवर प्रतिकारशक्तीने नेम धरला की काम असं चोख थांबतं. पण त्यासाठी मुद्दाम लस बनवावी लागली, ते हार्मोन दुसऱ्या कशाला तरी चिकटवून शरीराला फसवावं लागलं. आपणहून शरीर ते करत नाही.

आता मैत्रिणींनो, याचा अर्थ प्रतिकारशक्तीमुळे गर्भ कधीच पडत नाही, असं मी म्हटलेलं नाही. एक आजार असा आहे आणि तो तपासायलाच हवा: अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात शरीर अशी प्रतिपिंडं तयार करतं जी रक्त गोठवण्याच्या यंत्रणेत आणि वारेच्या पेशींत बिघाड करतात. रक्ताची तपासणी आहे, तीन प्रकारची, आणि ती एकदा सकारात्मक आली म्हणून निदान होत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापानंतरही ती काही काळ चढलेली दिसू शकते. उपचार स्वस्त आणि जुना: कमी मात्रेतली ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या १९९७ च्या चाचणीत अशा ९० बायकांपैकी नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्क्यांना मूल झालं आणि हेपॅरिन जोडल्यावर ७१ टक्क्यांना. योगायोगाने आपलं दहावीचं वर्ष.

आणि इथे नवऱ्याच्या पेशींशी काही संबंध नाही, हेही लक्षात घ्या. या बायकांचं शरीर स्वतःच्याच घटकांवर प्रतिपिंडं धरतं.

मग नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींची ती इंजेक्शनं? त्यांची नीट चाचणी अमेरिकेत आणि कॅनडात झाली आणि निकाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या बायकांना नवऱ्याच्या पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. पेशी मिळालेल्यांत ३६ टक्के यशस्वी. मिठाचं पाणी मिळालेल्यांत ४८ टक्के. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर हा उपचार करायला मनाई केली. मला तो कागद दिला गेला त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. आपल्याकडे काही ठिकाणी ही इंजेक्शनं अजून मिळतात. त्यांच्या जोडीला आता रक्तातल्या किलर पेशी मोजण्याची तपासणी, इंट्रालिपिडची सलाइन, स्टेरॉइड असं बरंच काही आलंय. रक्तातल्या किलर पेशी मोजून गर्भाशयातल्या पेशींचं काही कळत नाही, त्या दोन वेगळ्या जाती आहेत, हे मघाशी सांगितलंच. ब्रिटनमध्ये वंध्यत्व उपचारांवर देखरेख करणारी सरकारी संस्था प्रत्येक जोड-उपचाराला रंग देते. या सगळ्या इम्युनिटीच्या उपचारांना तिने लाल रंग दिलाय.

तरीही ही इंजेक्शनं घेऊन मूल झालेल्या बायका तुम्हाला भेटतील. खऱ्या भेटतील, खोटं बोलत नसतील. त्याचं उत्तर मला एका दुसऱ्याच चाचणीत सापडलं आणि माझ्या दृष्टीने आजच्या भाषणातला हा सगळ्यात कामाचा आकडा आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये ८३६ बायकांवर प्रोजेस्टेरॉनची चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. तीन किंवा जास्त वेळा गर्भ पडलेला, कारण सापडलेलं नाही, अशा सगळ्या. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांपैकी ६५.८ टक्क्यांना मूल झालं. बिनऔषधाची खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ६३.३ टक्क्यांना.

फरक नगण्य, म्हणून ही बातमी निराशेची म्हणून छापली गेली. मी तो दुसरा आकडा बघत बसले. तीनदा गमावलेल्या बायका, काहीही औषध नाही, आणि शंभरात त्रेसष्ट जणींच्या हातात बाळ. म्हणजे अशा बाईला तुम्ही गंडा बांधा, अंगारा लावा, महागाचं इंजेक्शन द्या, नाहीतर रोज सकाळी एक गाजर द्या, पुढच्या वेळी यश येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहेच. श्रेय गाजराला जाईल. आणि उरलेल्या सदतीस जणींना सांगितलं जाईल की तुमचं शरीरच स्वीकारत नाही.

मी ती इंजेक्शनं घेतली नाहीत. चौथ्या वेळी थायरॉइडची गोळी तेवढी चालू होती. मुलगी झाली, आता बारा वर्षांची आहे. यावरून काहीही सिद्ध होत नाही. एका बाईचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, तो माझा असला तरी.

प्रोजेस्टेरॉनबद्दल एक गोष्ट राहिली, कारण "गर्भ टिकायची इंजेक्शनं" आपल्याकडे सर्रास दिली जातात. त्यांचा उपयोग शून्य आहे असं नाही. २०१९ मध्ये ४१५३ बायकांवरची आणखी मोठी चाचणी आली, सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव होणाऱ्यांवर. एकूण फरक छोटा, ७५ विरुद्ध ७२ टक्के. पण आधी तीन किंवा जास्त वेळा गर्भ पडलेला आणि आता रक्तस्राव होतोय, अशांत ७२ विरुद्ध ५७. म्हणून ब्रिटनमध्ये आता आधी गर्भ पडलेला असेल आणि रक्तस्राव होत असेल तर ते देतात. सरसकट प्रत्येकीला देत नाहीत.

निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा सुरुवातीला पडलेल्या गर्भात गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते. ते चुकणं बहुतेक वेळा योगायोगाने होतं आणि आईच्या वयाबरोबर वाढतं. बाई जिना चढली, रिक्षात बसली, ऑफिसला गेली, पपई खाल्ली म्हणून ते होत नाही. आपल्या देशात आणखी एक गोष्ट तपासायला हवी ती म्हणजे गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षयरोग. खोकला नसतो, ताप नसतो, मूल राहत नाही एवढंच कळतं. तिथे मात्र प्रतिकारशक्ती लढता लढता नलिकेत व्रण सोडून जाते आणि रस्ता बंद होतो. उपचाराला जितका उशीर तितका व्रण घट्ट.

मित्रांनो, तुम्ही मघापासून छताकडे बघताय. तुमच्यासाठी थोडंच आहे. दवाखान्यात तुमच्या बायकोला किंवा उद्या तुमच्या सुनेला इम्युनिटीचं इंजेक्शन सुचवलं तर त्याचं नाव कागदावर लिहून मागा आणि विचारा, की हे कुठल्या चाचणीत खोट्या इंजेक्शनशी तोलून बघितलंय? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आपल्या दुसऱ्या रांगेतल्या डॉक्टरीणबाई मान हलवतायत. आणि आत्याने, मावशीने, काकूने ते मघाचं वाक्य उच्चारलं तर तिथेच बोला. घरी जाऊन बायकोची समजूत काढण्यापेक्षा ते सोपं आहे.

माझं संपलं. वेळ आहे म्हणतायत, एक प्रश्न घेऊ.

(जीवशास्त्राच्या बाईंनी विचारलं: "करोनाच्या लशीने मुली वांझ होतात, असं २०२१ मध्ये माझ्या शेजारणी म्हणायच्या. त्यात हार्मोनचा काही संबंध होता का?")

बाई, थोडा होता. लस घेतली की प्रतिकारशक्ती काही दिवस जागी होते आणि पाळीचं चक्र तिच्याशी बांधलेलं असल्याने थोडं हलू शकतं. अमेरिकेत जवळपास चार हजार बायकांच्या पाळ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लशीनंतरची पाळी सरासरी एक दिवसाहूनही कमी पुढे गेली होती आणि नंतर पूर्ववत झाली. दिवस राहण्यावर परिणाम दिसला नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतल्या बायकांमध्येही लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या यांच्यात फरक आढळला नाही. तुमच्या शेजारणींनी पाळी पुढे गेल्याचं बघितलं ते खरं होतं, त्यातून काढलेला अर्थ चुकला.

बाकीचे प्रश्न माईकवर नकोत, हे मला कळतंय. चहानंतर आपल्या जुन्या आठवी ब च्या वर्गात आम्ही दोघी बसणार आहोत, दार लावून. फाइल्स आणल्या असतील तर घेऊन या, त्या डॉक्टरीणबाई बघतील. मी फक्त आकडे वाचून दाखवीन.